उपटलेला बुंधा

एर्गिनोसने परवा बैल जुंपून रानातला जळका बुंधा उपटला आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. बुंधा अथेना देवीच्या ऑलिव्हचा. असलं झाड जळून कोळसा झालं तरी त्याचा बुंधा हलवायचा नाही, असा अथेन्सचा कायदा. मोडला तर रान जप्त आणि माणूस देशोधडीला. दहा वर्षं बुंध्याला वळसा घालून नांगर फिरवून कंटाळा आला, एवढंच काय ते कारण. तपासनीस उद्या येणार होते.

"लायकिऑनात जा, त्या तत्त्वज्ञांच्या शाळेत," शेजारी म्हणाला. "तिथली माणसं फिरता फिरता वाद घालून काळ्याचं पांढरं करतात."

तिथे त्याला मेलांथोस भेटला, दाढी पिकायला आलेला शिष्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचे डोळे चमकले.

"आमच्या गुरुजींनी एक नवा शब्द घडवलाय. एन्टेलेखेइआ."

"बाप रे! पाहुण्यासमोर बोलायचा की औषधात घालायचा?"

"तीन तुकडे जोडलेत. आत, शेवट, धरून असणं. जे व्हायचं ते होऊन, आपलं साध्य आपल्या आतच धरून असणं. बी म्हणजे नुसतं होऊ शकणं. जगणारं, फळणारं झाड म्हणजे हे."

"आणि मेलेला बुंधा?"

"नुसता नावापुरता ऑलिव्ह. भिंतीवर रंगवलेल्या डोळ्याला दिसतं थोडंच!"

एर्गिनोसला हायसं वाटलं. "मग उद्या हेच सांगा की तपासनिसांना!"

"सांगतो. पण आधी बघू दे. न बघता बोललेलं गुरुजींना चालत नाही."

एर्गिनोसच्या रानात बुंधा उकिरड्याशेजारी उलटा पडला होता. मेलांथोस गुडघ्यांवर बसला, मुळाजवळची माती नखाने खरवडली आणि लहान पोरासारखा ओरडला, "अरे, हे बघ! कोंब!"

करंगळीच्या नखाएवढा, हिरवट. बघून एर्गिनोस मटकन खाली बसला.

"बुडवलंत मला."

मेलांथोसचा चेहरा उतरला. "चूल जवळच आहे," तो हळूच म्हणाला. "मी काही पाहिलं नाही."

एर्गिनोस कोंबाकडे बघत राहिला. वरून कोळसा, आणि आत दहा वर्षं याचं काय चाललं होतं? मग तो उठला आणि कुदळ घेऊन जुन्या जागी खड्डा खणू लागला. दोघांनी मिळून बुंधा उभा केला, माती दाबली, पाणी घातलं.

"उद्या काय सांगणार?" मेलांथोसने विचारलं.

"जे केलं ते." एर्गिनोसने कपाळ पुसलं. "याला फळ कधी धरेल हो?"

"धरलंच तर दहा-बारा वर्षांनी."

"मग तेवढं कळवा. मी जिथे असेन त्या गावी."