शेवटच्या बटणाआधीची जागा

पत्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलं होतं आणि भावजींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. तसं ते काही धमकीचं पत्र नव्हतं. उलट त्यात त्यांना चक्क ‘आदरणीय’ म्हटलं होतं, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली होती.

लिहिणारी दोघं होती, एक डिझायनर मुलगी आणि तिच्या बरोबरचा डेव्हलपर. भावजींनी नोकरीत असताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बटणांचा, खिडक्यांचा, याद्यांचा एक तयार संच बांधला होता. कुणाला प्रोग्राम करायचा झाला तर त्याने बटण नव्याने घडवत बसू नये, संचातून उचलावं आणि लावावं, एवढीच त्यामागची कल्पना. संच अजून वापरात होता आणि या दोघांना त्याची नवी आवृत्ती काढायची होती. गाडी अडली होती एका ठिकाणी. बटणांच्या प्रत्येक ओळीत शेवटच्या बटणाच्या आधी एक रिकामी पट्टी होती, बोटभर रुंद. डिझायनर म्हणत होती, ओळीतला एक दात पडल्यासारखं दिसतं, काढून टाका. डेव्हलपर म्हणत होता, हात लावायचा नाही, कारण कोडमध्ये त्याच जागी भावजींनी स्वतः सूचना लिहून ठेवली होती: ‘ही जागा काढू नये.’ का काढू नये, ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हा आदरणीयांनीच खुलासा करावा. वर्ष संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर पट्टी काढू, असंही शेवटी नम्रपणे म्हटलं होतं.

भावजींना कारण माहीत नव्हतं.

नाही म्हणायला त्यांनी उत्तरं लिहायला घेतली होती. त्यांच्या खोलीत पुस्तकांना तोटा नव्हता. एकदा डोळ्यांच्या रचनेवरचं पुस्तक काढून त्यांनी ‘मानवी दृष्टीला मधूनमधून विसावा हवा असतो’ असं एक भारदस्त वाक्य लिहिलं, आणि वाचून स्वतःलाच लाजून फाडून टाकलं. ‘माहीत नाही’ असं लिहायला हात धजेना. ज्या माणसाचं आयुष्यात एकच काम लोकांच्या उपयोगी पडलं, त्याने त्याच कामाबद्दल कानावर हात ठेवायचे म्हणजे काय?

शेवटी वर्ष सरत आलं तेव्हा ते वहिनीकडे गेले. संचाची सगळी चित्रं वहिनीची होती. ती त्या ऑफिसात चित्रकार होती, वरच्या मजल्यावर. भावजी प्रोग्रामर, खालच्या मजल्यावर. दादा एकदा त्यांना छत्री द्यायला म्हणून ऑफिसात आला आणि छत्री चुकून वरच्या मजल्यावर देऊन बसला, त्यातून पुढचं सगळं झालं. लग्नानंतर ती ऑफिसातही त्यांना भावजी म्हणू लागली, आणि बघता बघता शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे ते भावजी झाले.

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि चित्रात ही पट्टी मुळात का काढली होती, ते विचारलं.

वहिनीने चष्मा चढवून पत्र वाचलं. मग तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की भावजींना वाटलं आता हिलाही आठवत नाही.

“मी कुठे काढली?” ती म्हणाली. “ती तुमची. तुमच्या मशीनला लागते म्हणून.”

“मशीनला कशाला लागेल?”

“ते मला काय माहीत? पहिल्यांदा पडद्यावर दाखवलंत तेव्हा ती तिथे होती. मला आवडली नव्हती. पण म्हटलं, यांची काहीतरी अडचण असणार. मग पुढच्या प्रत्येक चित्रात मीच काढत गेले.”

पट्टी त्यांनी तिच्याच चित्रावरून मोजून घेतली होती, हे त्यांना लख्ख आठवत होतं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. ऑफिसात सगळे त्यावरून त्यांना मोजपट्टी म्हणून चिडवत. तेव्हा वहिनीने माळ्यावरून जुनी चित्रांची गुंडाळी काढली. पहिलं चित्र उलगडलं, तर बटणं शेजारी शेजारी, मध्ये फट म्हणून नाही.

मग वहिनीलाच आठवलं. मूळ चित्र वर राहायचं, खाली जायची ती झेरॉक्स. हा कागद एवढा लांब की मशीनच्या काचेवर मावेना. मग शिपाई त्याची दोन तुकड्यांत झेरॉक्स काढायचा आणि चिकटवून द्यायचा. कागदाच्या कडेला यंत्र थोडं पांढरं सोडायचंच. दोन कडा जोडल्या की मध्ये पट्टी.

“म्हणजे ती गोंदाची जागा,” भावजी म्हणाले.

“आणि तुम्ही वर लिहून ठेवलंत, काढू नये.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं. खालचा कुणीतरी जागा वाचवायला काढेल, आणि तुमचं चित्र बिघडेल.”

वहिनीला हसू आवरेना. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून दोघांतल्या एकानेही विचारलं कसं नाही, असं ती म्हणाली, तसा आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. ताटावर ऑफिस नको, हा त्याने घातलेला नियम होता आणि त्याचा त्याला अजूनही अभिमान होता. “बोलू दिलं असतं, तर दोघं अजून पहिल्या बटणावरच असता,” तो म्हणाला.

भावजींना मात्र हसू येईना. आदरणीयांचा खुलासा काय, तर गोंद. आता गप्पच बसावं, पट्टी आपोआप जाईल, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण वहिनीच्या डोक्यात भलताच भुंगा शिरला होता. पट्टी कुणालाच नको होती, तर इतकी वर्षं कुणी तक्रार कशी केली नाही? वापरणाऱ्यांना ती दिसते तरी का?

भावजींनी मान्य केलं, की आपला संच वापरताना त्यांनी आजवर कुणाला पाहिलंच नव्हतं. वहिनीनेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वाचनालयात गेली. तिथल्या पडद्यावर तोच संच होता आणि ग्रंथपाल बाई भावजींच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी शेजारी दोन खुर्च्या टाकून दिल्या आणि माझी परीक्षा आहे का, असं विचारून कामाला लागल्या. ओळीत तीन बटणं होती: नोंदवा, मुदत वाढवा आणि पट्टीपलीकडे, रद्द करा. एक सभासद आला. बाई त्याच्याशी बोलू लागल्या. बोलता बोलता त्यांच्या हाताने माउसचा बाण सरकवत नेला आणि पट्टीत आणून ठेवला. सभासदाचं एकदाचं ठरलं, तसा बाण तिथून उठून बटणावर गेला. पुढच्या सभासदाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच.

वहिनीने भावजींना कोपराने ढोसलं.

भावजींनी भीत भीत विचारलं, तुम्ही बाण तिथे का ठेवता?

“कुठे? मी कुठे काय ठेवते?” बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाण पुन्हा तिथेच होता. त्या स्वतःच त्याच्याकडे बघत राहिल्या. “अगोबाई. तिथे काही होत नाही ना. चुकून दाबलं तरी चालतं.”

दुपारी त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले. ते बाण पट्टीत कधीच नेईनात, सरळ बटणावर झडप. त्यांनी एकाची नोंद रद्दही केली, पण ती त्या झडपेमुळे की गप्पांमुळे, यावर परतीच्या वाटेवर दोघांचं एकमत झालं नाही.

उत्तर मात्र दोघांनी एका टेबलावर बसून लिहिलं, भावजींनी अक्षरं आणि वहिनीने चित्रं. ‘माहीत नाही’ हे पहिल्याच ओळीत आलं. मग झेरॉक्स, गोंद, दोन्ही मजल्यांची भीड. भावजींनी पुढे ‘तरी पट्टी ठेवावी’ असं लिहिलं होतं. वहिनीने ते खोडायला लावलं. एका वाचनालयात एक दिवस बसून एवढं म्हणता येत नाही, असं तिचं म्हणणं. त्या जागी त्यांनी लिहिलं, की निर्णय घेण्याआधी तुम्ही दोघांनी, आणि दोघांनी एकत्रच, कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसावं. तुम्हाला आमच्यापेक्षा वेगळंही काही दिसेल, आणि दिसलं तर आम्हाला जरूर कळवावं.

पोस्टाच्या खिडकीशी भावजी पाकीट हातात धरून उगाच घुटमळले.

“काढतील का हो वहिनी?”

“काढतील की. त्या मुलीला दातच पडलेला दिसतोय,” वहिनी म्हणाली. “पण आता बघून काढतील. द्या आता, पत्ता वरच्या बाजूला करून.”

त्यांनी पाकीट सुलटं केलं आणि खिडकीतून आत सरकवलं.