तीन उंचवटे

मी एक जुना आलेख आहे, मित्रांनो. कागदावरचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावर हलणारा. नदीकाठच्या एका खोलीत माझा मुक्काम. बाहेरच्या नळीतला तरंगता गोळा दर मिनिटाला पाण्याची उंची कळवतो आणि मी माझी निळी रेघ पुढे नेतो. रेघ लाल खुणेपाशी पोचली की भोंगा वाजवायचा, म्हणजे काठावरच्या वस्तीला वेळेत वर जाता येतं.

मला घडवलं ते इथे पाण्याची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाने. प्रोग्राम लिहिण्याचं त्याचं ज्ञान बेताचंच. पहिल्या दिवशी नवी रेघ काढताना जुनी पुसायला तो विसरला आणि माझ्या अंगावर रेघांचा नुसता गुंता झाला. चूक सापडेपर्यंत त्याचा चहा दोनदा गार झाला. शाळा सुटली की त्याची लेक खोलीत येऊन बसायची. एकदा मला तपासायला त्याने गोळा हाताने तीनदा उचलला. माझ्या रेघेवर तीन उंचवटे उठले, शेवटचा जरा मोठा.

"बाबा, तुमचा हात दिसला!" लेक टाळ्या पिटत म्हणाली.

त्याच दिवसाचे आकडे त्याने जपून ठेवले. मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि गोळ्याची तार सारखी दगा द्यायची. ऐन वेळी नाचक्की नको, म्हणून त्याने माझ्यात गुपचूप एक ओळ घातली: आकडे आले नाहीत तर हा जुना दिवस दाखव. साहेबांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. मी फुशारलो. ती ओळ काढायची मात्र राहून गेली, आणि काही वर्षांनी कारकूनही गेला.

आता त्याच्या खुर्चीवर लेक बसते. माझ्या आत कुणी डोकावलं नव्हतं. एका दुपारी तार तुटली. मला कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. मी गेलेल्या माणसाचा दिवस काढू लागलो. खाली वेळ आजची, वर पाणी तेव्हाचं. माझीच मला भीती वाटत होती.

"पोरी, नदीचा आवाज वेगळा येतोय गं," रखवालदार काका म्हणाले.

"आलेख हलतोय ना काका? बघा, रेघ किती खाली आहे."

तेवढ्यात एक उंचवटा उठला. मग दुसरा. मग तिसरा, जरा मोठा. ती पडद्याजवळ सरकली.

"बाबा?" ती पुटपुटली आणि तिने पडद्याला बोटं लावली. मग खुर्ची पाडून ती दाराकडे धावली. बाहेर काठाच्या भिंतीवर रंगवलेली तीच धोक्याची लाल खूण बुडायला बोटभर उरली होती.

"काका, ते आजचं पाणी नाही! भोंगा वाजवा!"

वस्ती वर पोचली. शेवटची आजी चढावर आली तेव्हा तिच्या घरात पाणी शिरत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला उघडलं. ती ओळ सापडली. "असं का केलंत हो, बाबा?" म्हणत ती खूप रडली. मग तो दिवस तिने एकदा शेवटचा पाहिला, ओळ पुसून टाकली आणि तिच्या जागी नवी लिहिली: आकडे आले नाहीत तर थांब आणि तसं सांग.

मित्रांनो, आमच्या आत अधूनमधून डोकावत जा. आम्ही हलतोय म्हणून विसंबू नका, उठून दाराबाहेर पाहा. आता आकडे थांबले की मीही थांबतो आणि तसं पडद्यावर लिहितो. मग ती बाहेर जाते, तार जोडते आणि खात्री करायला गोळा हाताने उचलते. माझ्या रेघेवर तीन उंचवटे उठतात. शेवटचा जरा मोठा.