माइकने ऐकलेली हाक

मित्रांनो, अंगाला पोचे पडलेला, जाळी गंजलेला एक जुना माइक आहे मी. देवाने वाणी दिली ती माणसाला. मला दिले ते तिचे ओझे वाहणे. कारखान्यातून निघालो तो थेट या गावच्या चित्रपटगृहात आलो.

इथे पडद्यावर मोठ्या मुलखाची भाषा बोलत. खाली बसणाऱ्यांची भाषा निराळी, चार डोंगरांआड मावेल एवढी लहान. म्हणून एक मावशी पडद्याच्या कडेला स्टुलावर बसायची, मला हातात धरायची आणि सगळी गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. खलनायक दिसला की म्हणायची, "आला मेला. आता बघा, केसाने गळा कापतो की नाही." लोक पोट धरून हसत.

मग एकदा आमच्याच भाषेत चित्रपट निघाला. एकुलता एक. त्यात मावशीच्या थोरल्या बहिणीने आईचे काम केले होते. त्या दिवशी मला कोणी हातही लावला नाही, आणि बिनकामाचा बसून मी धन्य झालो.

पुढे मोठी भाषा शाळेत आली, घरात शिरली, अंगणात खेळू लागली. मुलांना पडद्यावरचे आपसूक कळू लागले. मी कपाटात गेलो. तिथल्या अंधारात जाळीत अडकलेले जुने श्वास कुजबुजत. ते कोणाचे, मला ओळखू येईना.

परवा कपाट उघडले. यंत्र चालवणारे काका म्हणाले, "मावशी, आपला तो चित्रपट लावतोय. पण पोरांना त्यातलं एक अक्षरही कळणार नाही. त्यांच्या भाषेत सांगाल?"

"म्हणजे आपलंच आपल्याला समजावायचं," मावशी म्हणाली. "दे इकडे. हाही अजून आहे वाटतं, माझ्यासारखा."

ती सांगत गेली. मग पडद्यावर संध्याकाळ झाली. तिची बहीण, जिला जाऊन कित्येक वर्षे लोटली, उंबऱ्यात आली आणि सरळ आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मावशीने मला मांडीवर ठेवले.

"काय म्हणाली ती?" पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारले.

"हाक मारतेय, बाळ. घरी या म्हणतेय."

"मग पुढचं सांगा ना."

"हाकेचं काय सांगायचं? हाकेला ओ द्यायची असते."

आणि मावशीने ती दिली, आपल्या भाषेत, एका शब्दात. मुलीने तो शब्द अडखळत उचलला. मागून सगळी मुले तेच म्हणाली. त्यानंतरच ती बाई आत वळली. चित्रपटात ती तशी वळतेच, हे मलाही ठाऊक आहे. तरी माझ्या अंगावर काटा आला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण घरातले कोणी जुन्या भाषेत हाक मारील, तेव्हा अर्थ विचारत बसू नका. आधी ओ द्या. पडद्यावरचे माणूस पुन्हा पुन्हा उंबऱ्यात येते. घरातले येत नाही.