दोन सड, तीन तोंडं

मित्रांनो, नांदूरघाटच्या शिवारात, बाभळीच्या सावलीत जी काळी शेळी डोळे मिटून रवंथ करते आहे ना, ती मी. झोपलेली नाही बरं का! म्हातारपणी रवंथाबरोबर जुने दिवसही वर येतात, आणि समोरचा डोंगर उन्हात हळूहळू विरघळल्यासारखा दिसू लागतो.

आम्ही उस्मानाबादकडच्या जातीच्या शेळ्या. अंग काळंभोर, कान लांब आणि लोंबते. माझ्या कानांवर तर पांढरे ठिपकेही आहेत. आम्ही ऊन सोसतो, बोरीच्या पाल्यावर नि बाभळीच्या शेंगांवर दिवस काढतो आणि बहुधा जुळीच देतो. गाईचा तोरा आम्हाला कुठला? पण आमचं दूध लेकरांच्या अंगी लागतं, हे बायका छातीठोकपणे सांगतात.

निजामाच्या अमलात, अर्जुनरावांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. त्यांनी मला बायडाबाईला अर्धलीने दिलं. अर्धल म्हणजे शेळी मालकाची, राखणारा दुसरा, आणि होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. राखण पसंत पडली नाही, तर मालक शेळी परत नेई. मात्र पिणाऱ्या पिल्लापासून शेळी तोडायची नाही, ही रीत होती. बायडाबाई मला ‘काळे’ म्हणायची आणि आपल्या भाकरीचा कोपरा माझ्या तोंडात द्यायची. मी तिची फार लाडकी होते.

मी पहिल्यांदा व्याले, जुळी झाली. त्याच हिवाळ्यात बायडाबाईला मुलगी झाली, तारा. मग बायडाबाईला तापाने धरलं आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं. घरात ना गाय, ना म्हैस. तोंडं तीन आणि माझे सड दोनच!

बायडाबाईने वाटणी केली. डावा सड पिल्लांचा, उजवा ताराचा. उजव्याला ती शेण फासून ठेवी, म्हणजे पिल्लं तोंड लावत नसत. ती वास घेऊन मागे सरत आणि डाव्या सडासाठी एकमेकांना ढुशा देत. माझा जीव तुटायचा. धार काढायला कुणी बसलं की मी दूध चोरायची. पण झोळीत तारा रडू लागली, की कास आपोआप सैल व्हायची. असं का होई, ते मला अजून कळलेलं नाही.

एके दिवशी अर्जुनराव आले. पिल्लांच्या बरगड्यांवरून त्यांनी हात फिरवला.

“पिल्लं काहून वाळली गं, बायडाबाई?”

“मालक, एका सडाचं दूध माझ्या लेकराला घालते.”

“शेळी पिल्लं जगवाया दिली हाय. पिल्लांसकट माघारी नेतो.”

“असं करू नका, मालक! दूध तुटलं तर लेकरू जगायचं न्हाई.”

पण त्यांनी दावं सोडलंच. पिल्लं पुढे पळाली. मी उंबऱ्यापाशी आले आणि मागे झोळीत तारा रडली. माझे पाय तिथेच रोवले गेले. अर्जुनराव ओढत होते आणि शेण फासलेल्या सडातून दूध टपटप मातीत पडत होतं. पुढून पिल्लं हाका मारत होती, मी मात्र मान वळवून झोळीकडे बघत होते.

अर्जुनराव ओढायचे थांबले. मातीतल्या ओल्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

“लेकराच्या रडण्यावर पान्हा सोडती व्हय?” ते पुटपुटले. मग डोक्याचा पटका सारखा करत म्हणाले, “म्हंजे हिला जुळं न्हाई, तिळं झालंय! पित्या पिल्लापासून शेळी कशी तोडू? ऱ्हाऊ दे हितंच.”

बायडाबाई माझ्या गळ्याला मिठी मारून खूप रडली.

पिल्लांचं दूध सुटल्यावर अर्जुनराव आपल्या वाट्याचं पिल्लू घेऊन गेले. ठिपक्यांच्या कानाचं होतं ते. कितीतरी दिवस मी त्या वाटेकडे तोंड करून ओरडत असे.

आता तारा स्वतःच मला चारायला आणते. माझं दूध केव्हाच आटलं. बाजार दाखवा म्हणणाऱ्याला ती फणकारते, “आईला कुनी इकतं व्हय?”

म्हणून सांगते मित्रांनो, दुधाचा पेला तोंडाला लावाल तेव्हा दाव्याला बांधलेल्या पिल्लाला मूठभर पाला जरूर घाला. माझ्या पिल्लांना उजव्या सडाच्या दुधाची चव पुन्हा कधी मिळालीच नाही.