चढलेला आकडा

क्रेन चालवणाऱ्या त्या बाईला साइटवर सगळे ‘उंचबाई’ म्हणत. चण एवढीशी, पण बसायची जागा साऱ्या इमारतीच्या डोक्यावर, म्हणून. लोखंडी तुळई ती अशी अलगद टेकवायची की शेजारच्या बाकावरच्या कपातला चहासुद्धा हलत नसे.

अशा बाईला कंपनीच्या डॉक्टरांनी जमिनीवर आणलं. ‘‘कोलेस्टेरॉल वाढलंय. त्यात तुमचे वडील हृदयविकाराने पन्नाशीतच गेले. गोळी घ्या, तळलेलं सोडा, रोज चाला. रिपोर्ट सुधारल्याशिवाय वर एकटीनं बसायचं नाही.’’

उंचबाईने मनाशी खूणगाठ बांधली, जे जे असेल ते खाली आणायचं. उतरवणं हा तर तिचा हातखंडा! नवरा शिंपी, मशीन घरातच, त्यामुळे स्वयंपाक त्याच्याकडे. त्याने कढई माळ्यावर टाकली आणि संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला लागला. ‘‘मला कशाला ही शिक्षा?’’ असं रोज कुरकुरायचा आणि रोज तिच्याआधी चपला घालून दारात उभा असायचा.

नवा रिपोर्ट आला. उंचबाईने उभ्याउभ्या वाचला. वरचे आकडे उतरले होते, पण एक चक्क चढला होता. बेचाळीसचे एकावन्न! तिचं अवसानच गळालं. डॉक्टरांकडे न जाता ती थेट साइटवर गेली आणि मुकादमाच्या टेबलावर हातमोजे ठेवून आली.

‘‘सगळं खाली आणलं हो,’’ घरी येऊन ती म्हणाली, ‘‘एक मात्र हातून सुटलं. आता दुसऱ्या कुणाला बसू दे वर.’’

नवऱ्याने मशीन थांबवलं. ‘‘आकड्यातलं तुला कळतं की मला? ज्याचं काम त्याला विचारू. ऊठ.’’

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. ‘‘अहो, हे चांगलं कोलेस्टेरॉल! हे चढायलाच हवं. वाईट असतं ते रक्तवाहिन्यांत साचतं, ते तुम्ही छान उतरवलंत. आणि हे त्यातलं जास्तीचं उचलून यकृताकडे नेतं. बायकांचं पन्नासच्या वर असलेलं बरं.’’

‘‘उचलून नेतं? म्हणजे क्रेनच की!’’ शिंपी म्हणाला. अभिमानाने त्याची मान अशी ताठ झाली, जणू ते एकावन्न त्यानेच शिवून दिले होते.

‘‘गोळी मात्र चालू ठेवायची,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आणि उद्यापासून वर जायचं.’’

मुकादमाने हातमोजे कुणालाच दिले नव्हते. ‘‘तुमच्या मापाचा हात आहे कुणाचा इथं?’’ म्हणून त्याने ते परत केले. उंचबाई शिडी चढली, केबिनमध्ये बसली आणि तिला वडील आठवले. त्यांचं वय तिने याच वर्षी ओलांडलं होतं. ‘‘बाबा, मी आहे अजून,’’ ती मोठ्याने म्हणाली. वर ऐकायला होतं कोण!

खाली फाटकाशी बाकावर चहाचा कप ठेवून शिंपी आभाळाकडे बघत होता. तुळई झुलत आली, थबकली, टेकली. त्याने कपात डोकावून पाहिलं.

‘‘बघा, हलला का?’’ तो वॉचमनला म्हणाला. ‘‘बायको आहे माझी.’’