धुक्यातला पंधरवडा

"गर्दी नको, पाऊस नको आणि महाल नीट दिसला पाहिजे. बोला साडूभाऊ, कधी जाऊ?" साडूने माझ्या चौकशीच्या खिडकीत कोपर टेकलं आणि मागची सात माणसांची रांग खोळंबली.

बस स्टँडवरच्या या खिडकीत मी एकतीस वर्षं बसतोय. डोंगरावरच्या महालाच्या गावाला कुठल्या दिवसांत जावं, हे सगळे मलाच विचारतात. ड्रायव्हर मंडळी मला 'हवामान खातं' म्हणतात. उन्हाळ्यात नको, मी सांगतो. महालाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी, की पाय आपण खाजवावा आणि बरं दुसऱ्याला वाटावं. वाऱ्याच्या दिवसांत एका गृहस्थाचा केसांचा टोप उडाला तो थेट कळसावर बसला. त्यात एका कावळिणीची तीन बाळंतपणं झाली. लोक हसतात आणि मी सांगेन त्या तारखेची तिकिटं काढतात.

मी स्वतः तिथे का गेलेलो नाही, हे फक्त आमच्या हिला ठाऊक. लग्नाच्या वर्षी निघालो होतो. घाटातल्या तिसऱ्या वळणावर माझं पोट असं ढवळलं, की गाडी थांबवून उतरावं लागलं. दोघं पायी खाली आलो. त्यावर ही आजवर अवाक्षर बोललेली नाही. कुणी विचारलं, की "यांना रजाच मिळत नाही हो," म्हणते.

आणि हा साडू! चष्म्याचं दुकान याचं, पण बसतो कमी, हिंडतो जास्त. घरी आला की आल्या आल्या फोटो. माझ्या विनोदावर ही "हं" म्हणते आणि भाजी चिरते. त्याच्या विनोदावर विळी बाजूला ठेवून हसते. एकवीस वर्षं मी ती बाजूला ठेवलेली विळी बघतोय.

"पावसाळा सरतो आणि थंडी लागते ना," मी म्हणालो, "त्यामधला पंधरवडा गाठा. महाल नुसता लखलखतो."

त्या पंधरवड्यात तिथे असं धुकं उतरतं, की आपलाच हात हाक मारून शोधावा लागतो.

"अहो, पण तेव्हा तर धुकं..." रांगेतली एक म्हातारी बोलू लागली.

"मावशी, तुमची गाडी लागली," मी म्हणालो.

साडू शेजारच्या खिडकीवर गेला आणि तिकिटं नाचवत परत आला. तीन होती.

"तिसरं कुणाचं?"

"तुमच्या हिचं! आमच्या हिने कालच तिला विचारलं. म्हणाली, यांना रजा नाही, पण मला जन्मात एकदा तो महाल बघायचाय. बोलली नाही वाटतं तुम्हाला?"

आत्ता तोंड उघडलं असतं, तर तारीख बदलता आली असती. पण समोर सात माणसं, आणि त्यांच्या पुढे हा दात काढून उभा. "का हो, हवामान खात्याचा अंदाज चुकला की काय?"

"छे," मी म्हणालो.

जायच्या आदल्या संध्याकाळी ही बॅग भरत होती. मोजून दोनच साड्या, पण त्यांच्या घड्या चार वेळा मोडल्या.

"दिसेल ना हो महाल?"

एवढंच विचारलं. मी छताकडे बघत म्हणालो, "दिसेल की."

चार दिवस मी भात करपवला. साडूची फजिती आठवून हसू यायचं आणि तेवढ्यात त्या घड्या आठवायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी गाडी आली. पहिला उतरला साडू, नाकाला रुमाल लावून. "बुडालं तुमचं हवामान खातं! चार दिवस कापसात बसवलंत मला! महाल सोडा, चहाचा कप सापडेना!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून दोघी बहिणी उतरल्या. एकमेकींचा हात घट्ट धरलेला, केस विस्कटलेले, आणि हसू आवरत नव्हतं. साडूने काही विनोद केला. त्याच्याकडे दोघींचं लक्षच नव्हतं.

घरी आल्यावर हिने पिशवीतून ओलीचिंब शाल काढली. मी अंगणात मागोमाग गेलो.

"धुकं पडतं, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"होतं."

"मग बरंच झालं. भाऊजी खोलीत शिंकत बसले. आम्ही दोघी रोज हरवायचो. हाका मारत, भिंती चाचपत. परकर नेसत होतो तेव्हापासून एवढं हसलो नव्हतो." आणि ती पुन्हा हसू लागली, एकटीच, काहीतरी आठवून.

"काय झालं? सांग तरी."

"सांगून नाही कळायचं हो. तिथे असायला हवं."

तिने शालीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी एका बाजूला पिळत गेलो, ती दुसऱ्या बाजूला. ती अजून हसत होती. डोंगरावरचं गार पाणी ओंजळभर निघालं आणि माझ्या पायांवर पडलं.