तूर्तास

“संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. उद्या मला दुसरा माणूस बघावा लागेल,” फोनवरून जुना जोडीदार म्हणाला, तेव्हा इकडे याच्या हातात कुण्या आजोबांची वरची कवळी होती. मेण अजून कोमट होतं. त्याने फोन ठेवला आणि सुळा किंचित आत दाबला.

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे ‘तूर्तास’ म्हणत. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं. शिल्पकला शिकून तो इथे आला तेव्हा पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणाला होता, तूर्तास करतो. मग लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते मागे लागले आणि तो शब्द त्याला कायमचा चिकटला. कालपरवा लागलेली पोरंही ‘तूर्तासकाका’ म्हणून हाक मारत आणि तो निमूटपणे ओ देई. घरी मात्र हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

जोडीदार पूर्वी शेजारच्याच टेबलावर कवळ्या बनवायचा. तो नोकरी सोडून नाटकांसाठी मुखवटे करू लागला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. आता त्याला एका संग्रहालयाचे पुतळे घडवायचं काम मिळालं होतं. अर्धी भागीदारी देतो म्हणत होता. पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल, हेही त्याने लपवलं नाही.

दुपारी त्याने बायकोला फोन केला. ती दवाखान्यात कंत्राटावर होती. दर वर्षी मुदत वाढते की नाही याचा घोर. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू ठरव, मी आहे,” ती म्हणाली. मग, “फक्त पोरीच्या कॉलेजचं काय ते बघ.”

‘मी आहे’ ऐकून त्याला भरून आलं. पण पाय अडकला तो ‘फक्त’मध्ये. राग कुणावर काढावा हेही कळेना, कारण चुकीचं कुणीच बोलत नव्हतं.

सुटताना त्याने जोडीदाराला कळवलं, तूर्तास नको. तो चिडवेल असं वाटलं होतं. तो नुसता “बरं” म्हणाला. चिडवलं असतं तर सोसलं असतं.

घरी मुलगी दारातच भेटली. खिडकीत तिने मातीचा एक चेहरा करायला घेतला होता, कान व्हायचे होते. नाक हुबेहूब बापाचं होतं.

“बाबा, माझं ठरलं. शिल्पकला काय, नंतरही करता येईल. तूर्तास कॉमर्स घेते.”

तो चप्पल काढता काढता थबकला.

“तो शब्द नको वापरूस.”

“कुठला?”

ती खरंच गोंधळली होती. सांगायला गेला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिच्या नखांत माती वाळून बसली होती. तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

“काही नाही,” तो म्हणाला, “हात धुऊन घे. जेवायला बसू.”